छत्तीस मिलिमीटरचं घड्याळ ‘लेडीज’ नसतं

जुनं ऑटोमॅटिक घड्याळ हातात आलं की बहुतेक लोक दोन गोष्टी बघतात. डायल चमकतंय का, आणि हातावर ‘भरून’ दिसतंय का. माझं म्हणणं असं की आधी मशीन बघा, मग माप, आणि डायल सगळ्यात शेवटी. त्यातही मशीन आणि माप हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. जुन्या काळी मशीन जेवढं, त्याच्या बेताने केस, अशी पद्धत होती. आता फॅशन माप ठरवते आणि जुनं मशीन त्या मापाच्या डब्यात कोंबलं जातं. या कोंबाकोंबीत आपल्याच घरांतली चांगली घड्याळं संपत चालली आहेत, म्हणून हे लिहितोय.

‘आपल्याच घरांतली’ असं मुद्दाम म्हटलं. रत्नागिरी आणि रायगडच्या मुसलमान मोहल्ल्यांतून १९७० आणि ८०च्या दशकांत किती माणसं कुवेत, सौदी, कतार, दुबईला गेली हे नव्याने सांगायला नको. ती सुट्टीवर आली की बॅगेतून सेंटच्या बाटल्या, कापडाचं थान, टू-इन-वन आणि मनगटावर सेको फाईव्ह किंवा सिटिझन ऑटोमॅटिक असे. इथे परदेशी घड्याळांच्या आयातीवर निर्बंध होते. एचएमटी होतं, १९६१ साली जपानच्या सिटिझनशी करार करून सुरू झालेलं, आणि त्यांचं ‘कांचन’ हे ऑटोमॅटिक लग्नात जावयाला मिळालं तर मोठा मान. पण गल्फमधून आलेल्या घड्याळाचा रुबाब वेगळा होता. त्यातल्या पुष्कळ घड्याळांत तारखेशेजारी वार इंग्रजीत आणि अरबीत, दोन्ही लिपींत येतो. तबकडीवर चौदा घरं असतात, दोन भाषांचे सात-सात वार. रात्री वार बदलताना मध्ये दुसऱ्या भाषेतला वार डोकावून जातो. जुन्या घड्याळात अरबी वाराची तबकडी दिसली की ते आखाती बाजारासाठी बनलं होतं असा अंदाज बांधता येतो.

माझ्या चाचांचं असंच एक आहे. सेको फाईव्ह, स्टीलचं, निळसर डायल, आता थोडं फिकट पडलेलं. चाचा गेल्यावर ते त्यांच्या नातवाकडे आलं. पोरगा हौशी आहे, पण त्याने ते मनगटावर ठेवून बघितलं आणि म्हणाला, “चाचू, हे लेडीज वाटतं.” एका दुकानदाराने त्याला सल्लाही देऊन टाकला होता: मशीन चांगलं आहे, ४२ मिलिमीटरच्या नव्या केसमध्ये टाकू, डायल केशरी करून देतो, एकदम भारी दिसेल. जुनी केस आणि जुनं डायल दुकानदार ठेवून घेणार, अर्थातच.

‘लेडीज’ या शब्दापासूनच सुरुवात करू. त्या काळातली बायकांची घड्याळं वीस ते पंचवीस मिलिमीटर व्यासाची असत. चौतीस, पस्तीस, छत्तीस हे तेव्हा पुरुषाच्या घड्याळाचं नेहमीचं माप होतं. ओमेगाची कॉन्स्टलेशन १९५२ साली आली, तीही चौतीस-पस्तीसच्या आसपास. रोलेक्सने १९४५ साली डेटजस्ट काढलं ते ३६ मिलिमीटरचं, आणि ते माप आजही त्यांच्या यादीत आहे. हे घड्याळ कारखान्यांचे मालक, मंत्री, सेनाधिकारी घालत होते; त्यांना कोणी लेडीज म्हटलं नाही. मोठ्या घड्याळांची लाट आली ती १९९०च्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतर. त्या लाटेत वाढलेल्या डोळ्यांना सगळंच जुनं लहान दिसतं. (आणि एखाद्या मुलीने आजोबांचं घड्याळ घातलं तर ते तिच्या हातावरही छान दिसतं. माझी मुलगी घालते. त्यामुळे ‘लेडीज’ ही शिवी म्हणून वापरण्यातही काही अर्थ राहिलेला नाही.)

घड्याळ हातावर बसतं की नाही हे व्यासावरून कळतच नाही. व्यासापेक्षा महत्त्वाचं माप म्हणजे वरच्या कानापासून खालच्या कानापर्यंतची लांबी. पट्टा अडकवायला केसला जे चार कान असतात, ज्यांना लग म्हणतात, त्यांच्या टोकापासून टोकापर्यंत. मनगटाचा वरचा सपाट भाग किती रुंद आहे ते मोजा. कानांची लांबी त्याच्या आत राहिली तर घड्याळ बसलं. बाहेर लटकली तर कितीही महाग असो, ते उसनं आणल्यासारखं दिसतं. चाचांच्या घड्याळाचा व्यास चावीचं बटण सोडून ३६ मिलिमीटर, कानांची लांबी ४१, पट्ट्याची जागा १८, जाडी अकराच्या आसपास. नातवाच्या मनगटाचा सपाट भाग जेमतेम ५० आहे. म्हणजे छान बसतं, चहूबाजूंनी थोडी जागा ठेवून. त्याला हवं असलेलं नवं घड्याळ कानापासून कानापर्यंत पन्नासच्या पुढे जातं. शर्टाची बाही अडकणार ती त्यात.

जाडीबद्दल एक गोष्ट. ऑटोमॅटिक घड्याळ चावीच्या घड्याळापेक्षा जाड असणारच, कारण मशीनच्या पाठीवर रोटर बसलेला असतो. हात हलला की तो वजनदार अर्धचंद्र फिरतो आणि स्प्रिंगला चावी देतो. जुनं सेको किंवा जुनं ओमेगा पातळ नाही म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. आणि पट्ट्याची जागा जरूर मोजा. अठरा आणि वीसचा पट्टा कुठेही मिळतो, एकोणीसचा शोधावा लागतो. सेकोने त्या काळात एकोणीस बरंच वापरलं आहे.

आता मशीन. घड्याळवाले याला मशीनच म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो.

पहिली गोष्ट, झाकण उघडायच्या आधीच बरंच कळतं. सेकोच्या मागच्या झाकणावर दोन आकडे असतात. एक जोडआकडा, चार अंक, आडवी रेघ आणि पुन्हा चार अंक; यातले पहिले चार म्हणजे मशीनचा नंबर. चाचांच्या घड्याळावर ७००९ आहे. दुसरा आकडा क्रमांकाचा. त्याचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा महिन्याचा. ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबर-डिसेंबरला इंग्रजी अक्षरं. चाचांच्या झाकणावर १ आणि ८ आहे, म्हणजे ऑगस्ट १९८१ किंवा ऑगस्ट १९९१. दशक झाकण सांगत नाही, ते मशीनच्या काळावरून आणि घरच्या माहितीवरून ठरवायचं. चाचा १९८४ साली कायमचे परत आले, म्हणजे १९८१.

मग डायलच्या अगदी खालच्या कडेला, सहाच्या आकड्याखाली, भिंगातून बघा. बारीक अक्षरांत तिथेही तोच मशीननंबर छापलेला असतो. आणि झाकण उघडल्यावर रोटरवर तिसऱ्यांदा. झाकण, डायल, रोटर. तिन्ही जुळले तर घड्याळ एका जिवाचं आहे. झाकणावर ६११९ आणि आत ७००९ असेल तर कुठल्या तरी दोन घड्याळांचं लग्न लावलेलं आहे. डायलखालची बारीक अक्षरं गायब असतील, किंवा अक्षरं जाडसर, थोडी तिरकी, तर डायल पुन्हा रंगवलेलं आहे. ही तपासणी फुकट आहे, भिंगाशिवाय काही लागत नाही, आणि तरी दहातले नऊ गिऱ्हाईक ती करत नाहीत असं माझं निरीक्षण आहे.

झाकण उघडून दाखवायला सांगा. जो विकणारा नाही म्हणेल त्याचा वेळ घेऊ नका. आत बघताना सोन्यासारखी चमक शोधायची नाही. सेको फाईव्हची मशीनं साधी, बिनानक्षीची असतात. स्क्रूंची डोकी बघा. ती कुरतडलेली असली तर चुकीच्या पेचकसाने अनेकदा उघडलं गेलंय. रोटरच्या कडेला किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला गोल घासल्याच्या खुणा असतील तर रोटरचं बेअरिंग झिजून तो खाली लागतोय. बोटाने रोटर हळूच वर-खाली हलवून बघा. किंचित हालचाल चालते, खडखडाट चालत नाही. झाकणाच्या आत जुने कारागीर सुईने तारीख किंवा स्वतःची खूण कोरून ठेवत. ती सापडली तर तिला डाग समजू नका, ती सर्व्हिसिंगची नोंद आहे. चाचांच्या घड्याळात अशा तीन नोंदी निघाल्या, एक अरबी आकड्यांत.

घड्याळ कानाशी धरून हलवताना जो आवाज येतो त्यावरून घाईने निकाल देऊ नका. मशीन कोणतं ते आधी माहीत हवं. सेकोकडे १९५९पासून ‘मॅजिक लिव्हर’ नावाची युक्ती आहे, एक दोन नख्यांची पट्टी, जी रोटर डावीकडे फिरो की उजवीकडे, चाक एकाच दिशेने ओढते. त्यामुळे सेकोचा रोटर दोन्ही बाजूंनी भरतो आणि फार गरगरत नाही. सिटिझनच्या ८२०० मालिकेत तो एकाच बाजूने भरतो, दुसऱ्या बाजूला मोकळा गरगर फिरतो आणि तो आवाज चांगल्या घड्याळातही येतो. आणखी जुन्यात जा. जॉन हारवूड नावाच्या इंग्रज कारागिराने १९२४ साली पेटंट घेतलेल्या ऑटोमॅटिकमध्ये वजन पूर्ण फिरतच नव्हतं. दोन स्प्रिंगांच्या मध्ये आपटून परत यायचं. पूर्ण फिरणारा रोटर रोलेक्सने १९३१ साली आणला, पण आपटणारी मशीनं ओमेगासारख्या कंपन्या १९४०च्या दशकातही बनवत होत्या. असं घड्याळ हातात घेतलं की मनगटावर बारीक ‘ठक्’ जाणवतो. अनोळखी माणसाला वाटतं आत काही तुटलंय, आणि तो चांगलं घड्याळ खाली ठेवून शेजारचं रंगवलेलं उचलतो.

सेको ७००९ आणि नंतर १९९६पासून आलेलं ७एस२६ यांना बटणाने चावी देता येत नाही, आणि बटण ओढल्यावर सेकंदाचा काटाही थांबत नाही. हे बिघाड नाहीत, रचनाच तशी आहे. उलट, ७००९ला चावी देऊन दाखवणारा दुकानदार भेटला तर आत ७००९ नाही हे पक्कं समजा. बंद घड्याळ सुरू करायला ते आडवं धरून वीस-पंचवीस वेळा हलकेच गोल फिरवायचं. दणादणा झटकायचं नाही.

ज्वेलच्या आकड्यामागे धावू नका. ७००९मध्ये १७ ज्वेल आहेत, ७एस२६मध्ये २१, आणि दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या चालतात. १९६०च्या दशकात ज्वेल वाढवण्याची स्पर्धाच लागली होती. ओरिएंटने शंभर ज्वेलचं ऑटोमॅटिक काढलं. त्यातली कितीतरी माणकं कुठलाही भार न उचलता शोभेला बसली होती. डायलवर छापलेला मोठा आकडा बघून जास्त पैसे देणं म्हणजे बिर्याणीतल्या बटाट्यांना बोट्या समजणं.

खरी परीक्षा चालण्याची. दिवसभर हातावर घालून रात्री काढून ठेवा आणि ते किती तास चालतं बघा. पूर्ण भरलेलं ७००९ जवळजवळ चाळीस तास चाललं पाहिजे. सकाळी उठेपर्यंत बंद पडत असेल तर एक तर स्प्रिंग सुकली आहे, किंवा मॅजिक लिव्हरच्या नख्या झिजल्या आहेत, किंवा तेल चिकट झालंय. तिन्ही दुरुस्त होतात, पण तो खर्च भावातून आधीच वजा करा. दुकानात एवढा वेळ मिळत नाही, तिथे टाइमग्राफर कामाला येतो. हे यंत्र घड्याळाची टिकटिक ऐकून आकडे देतं. आता बऱ्याच घड्याळवाल्यांकडे असतं आणि मोबाइलवरही कामचलाऊ ॲप मिळतात. लोक त्यातला पहिलाच आकडा वाचतात, रोज किती सेकंद पुढे-मागे. तो सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे, कारण तो कारागीर दोन मिनिटांत वळवू शकतो. बघायचा तो अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सचं चाक किती अंशांपर्यंत झुलतं. या जुन्या सेकोंमध्ये पूर्ण भरल्यावर २२० ते २७० अंश मला चांगले वाटतात. दोनशेच्या खाली असेल तर मशीन धापा टाकतंय, वेळ बरोबर दाखवत असलं तरी. तिसरा आकडा बीट एररचा. टिक आणि टिकमधलं अंतर समान नसेल तर तो वाढतो. एक मिलिसेकंदाच्या आत असला तर उत्तम. घड्याळ आडवं ठेवून एकदा आणि बटण खाली करून उभं धरून एकदा, असं दोनदा मोजायला सांगा. आडवं चांगलं आणि उभं वाईट चालणाऱ्या घड्याळाच्या बॅलन्सची सुई बहुतेक वेळा घासलेली असते.

रोज चार-पाच मिनिटं पुढे पळणाऱ्या घड्याळाला मात्र घाबरू नका. बरेचदा ते फक्त चुंबकत्व पकडलेलं असतं, स्पीकर किंवा पर्सच्या चुंबकाजवळ राहून. केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि चाक घाईत झुलतं. स्वस्तातलं एक यंत्र ते काही सेकंदांत उतरवतं. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर भाव कमी करायला ही उत्तम जागा आहे. अर्थात, सौदा झाल्यावर त्याला सांगून टाका.

आता पुन्हा त्या ४२ मिलिमीटरच्या केसकडे. ७००९चं मशीन सुमारे २७ मिलिमीटरचं. ३६च्या केसमध्ये त्याच्याभोवती थोडीच जागा उरते, आणि म्हणून तारखेची खिडकी डायलच्या कडेजवळ येते, जिथे ती असायला हवी. तेच मशीन मोठ्या डायलखाली बसवलं की खिडकी आहे तिथेच राहते, कारण तारखेची तबकडी मशीनचा भाग आहे, आणि कड मात्र लांब सरकते. मग तारीख डायलच्या पोटात रुतल्यासारखी दिसते. एकदा ही गोष्ट लक्षात आली की असली जोडघड्याळं लांबूनही ओळखू येतात. स्वतः सेकोनेही ७एस२६ हे मशीन डायव्हरच्या ४२ मिलिमीटरच्या आसपासच्या केसमध्ये बसवलं आहे, पण तिथे वाढलेली जागा बाहेरच्या फिरत्या रिंगला दिली. डायल जवळपास तेवढंच ठेवलं. मोठं करण्याचीही एक रीत असते. आतमध्ये मशीनभोवती प्लॅस्टिकची रिंग दिसली म्हणून लगेच संशय घेऊ नका, पातळ रिंग कंपनीचीच असते. रिंग बोटभर जाड असली की समजायचं, पोराला बापाचा कोट घातलाय.

माप बिघडवण्याचा आणखी एक, चोरपावलांचा मार्ग म्हणजे बफिंग. केस मशीनवर धरून चमकवली की दर वेळी थोडं स्टील जातं. कानांच्या धारदार कडा गोल होतात, पट्ट्याची पिन जिथे बसते तिथली भोकं काठाशी येतात. चाचांच्या घड्याळाच्या केसवर वरून बारीक रेघांची घासणी आहे आणि बाजूला आरशासारखी चमक, दोन्हींच्या मध्ये सरळ रेघ. ती रेघ अजून शाबूत आहे. ओरखडे भरपूर आहेत. मला ते ओरखडे त्या रेघेच्या बदल्यात मान्य आहेत. सोनेरी मुलाम्याच्या घड्याळात बफिंग म्हणजे तर खूनच. कानांच्या टोकांवर पिवळा जाऊन पांढरं दिसायला लागतं. (पुरुषाने सोनेरी घड्याळ घालावं की नाही यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत, तो वाद इथे नको.)

रंगवलेल्या डायलबद्दल मात्र मला इतरांसारखा राग येत नाही. परदेशी संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात. भेंडीबाजाराजवळच्या मटण स्ट्रीटवर, चोर बाजारात, शुक्रवारी सकाळी गेलात तर केशरी, पोपटी, जांभळ्या डायलांची रांग दिसेल. ते हात कसबी आहेत. एचएमटीचा घड्याळांचा कारभार बंद करायला केंद्र सरकारने २०१६च्या जानेवारीत मंजुरी दिली. सुटे भाग मिळणं त्याआधीच अवघड झालं होतं. एका मेलेल्या घड्याळाचे अवयव दुसऱ्याला बसवून लाखो साध्या माणसांची वेळ या कारागिरांनी चालू ठेवली. गंजलेलं डायल रंगवून घड्याळ पुन्हा हातावर आणलं तर त्यात पाप काय? गडबड आहे ती विकताना ‘एकदम ओरिजनल, कंपनी पीस’ म्हणण्यात. मालातला ऐब सांगून माल विकायचा, ही गोष्ट आपल्यातल्या बहुतेकांनी घरात लहानपणीच ऐकलेली असते. डायल नवं रंगवलंय, मशीन जुनंच आहे, काटे दुसऱ्याचे आहेत, एवढं बोलायला दुकानदाराला दहा सेकंद लागतात, आणि त्या भावात घेणारेही मिळतात. मी स्वतः असं एक जांभळं घड्याळ सगळं कळून घेतलं आहे आणि ईदला आवर्जून घालतो.

पण गंज नसलेलं, फक्त फिकट पडलेलं डायल काढून रंगवणं हा वेगळा प्रकार आहे. चाचांच्या डायलवर खालची बारीक अक्षरं अजून वाचता येतात. ती एकदा पुसली की तिन्ही नंबर जुळवायची सोयच संपली, आणि पुढच्या माणसाला फक्त आपल्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल.

पाण्याबद्दल सांगायचं राहिलं, आणि आपल्या वाचकांसाठी ते जास्त गरजेचं आहे. जुन्या सेकोच्या झाकणावर पाण्यापासून सुरक्षित असल्याचा शिक्का असतो. तो शिक्का घड्याळ नवं असताना खरा होता. आतली रबराची रिंग चाळीस वर्षांत कडक होऊन तडकते. दिवसातून पाच वेळा वुजू करणाऱ्याच्या मनगटावरून किती पाणी जातं याचा हिशोब करा. कोपरापर्यंत हात धुताना ते बटणाच्या खाचेत साचतं आणि तिथूनच आत शिरतं. म्हणून जुनं घड्याळ घेताना बटण ओढून त्याच्या दांड्यावर तांबूस गंज आहे का बघा. काचेच्या आतून धुकं आलं असेल, डायलच्या कडेला काळपट डाग असतील, तर आतल्या चाकांवरही गंज गृहीत धरा आणि भाव पाडण्याऐवजी घड्याळच सोडा. चांगलं असेल तर पहिल्या सर्व्हिसिंगमध्ये रबर बदलून घ्या आणि तरीही वुजूच्या आधी काढून खिशात ठेवा. मशिदीच्या हौदाच्या कठड्यावर नको. तिथून किती घड्याळं ‘बदलून’ गेली आहेत ते विचारा कुणालाही.

सर्व्हिसिंगला देताना कारागिराला तीन गोष्टी आधीच सांगतो: डायलला हात लावू नका, केस बफ करू नका, आणि बदललेला प्रत्येक भाग पुडीत घालून परत द्या. चौथी गोष्ट घालणाऱ्यासाठी. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख बटणाने पुढे ढकलू नका, त्या वेळी चाकं तारीख बदलायच्या तयारीत एकमेकांत गुंतलेली असतात आणि दात तुटतो.

चाचांच्या घड्याळाचा अँप्लिट्यूड आडवा २३५ आला, उभा २१०. रोज अठरा सेकंद पुढे. नातवाने त्यासाठी १८चा साधा काळा चामडी पट्टा घेतला आहे. मोठी केस त्याला अजूनही आवडते, पण त्यासाठी त्याने वेगळे पैसे साठवायला सुरुवात केली आहे.